एक दात कमी

शिरोलीच्या पुढं, हायवेला लागून,
आकाशपाळणा आणि पाण्याची घसरगुंडी यांच्या मधे
चंदेरी पत्र्याचं एक दालन आहे : उद्याचं जग.
त्याची किल्ली माझ्याकडं असते.

सकाळी साडेनवाला मी भविष्यकाळ चालू करतो.
आधी मेन स्विच, मग धुराचं मशीन, मग निळे दिवे.
निळेच लागतात. का, ते कुणी सांगितलं नाही,
पण पिवळ्या बल्बखाली रॉकेटसुद्धा
गुऱ्हाळाच्या धुराड्यासारखं दिसतं.

पाटीवर पहिल्यांदा होतं : सन २०१० मध्ये आपण असे राहू.
हिंदुराव पेंटरनं पुढचे वीस तसेच ठेवून
दहाचे पंचवीस केले, पंचवीसचे पन्नास.
तिरकं बघितलं तर तिन्ही सालं दिसतात,
फळ्यावर नीट न पुसलेल्या बेरजेसारखी.
यंदा तो म्हणाला, "साल नकोच गा.
नुसतं 'उद्या' लिहू.
आज रोख, उद्या उधार,
ती पाटी कधी जुनी झालेली बघितलीस?"

भिंतीत एक टेलिफोन आहे, चेहरा दिसणारा.
पहिल्या वर्षी त्याच्यापुढं रांग लागायची,
नवरा ह्या खोलीत, बायको त्या खोलीत,
बारा फुटांवरून एकमेकांना बघून लाजायची.
परवा गडहिंग्लजच्या सहलीतल्या एका पोरीनं
मोबाईलवर त्याचा फोटो काढला,
आईला पाठवला, वर आवाज भरला :
"ह्ये बघ, म्युझियम."
मी काच पुसत राहिलो.

घाटगेसाहेब म्हणतात, नवं आणा.
आणलं की. डोळ्याला लावायचा चष्मा आणला.
आठ महिन्यांत पट्टा घामानं कुजला,
तोवर तसलाच राजारामपुरीत
वाढदिवसाला भाड्यानं मिळायला लागला.
आणि महापुरात आत आलेलं पाणी,
त्याची गाळाची रेघ दरसाल रंगवतो, दरसाल वर येते :
उद्याच्या जगाच्या कमरेला कालचं पाणी.

राहता राहिला रोबो.
सव्वापाच फूट, पुण्यातून भरून आणलेला आवाज :
"विचारा, मी सांगतो."
मधे कुणीतरी त्याला "काय भावा, बरं हाय का" शिकवलं.
पोरं खदाखदा हसली
आणि घसरगुंडीकडं पळाली.

मग त्याच्या मानेतलं चक्र झिजलं.
बनवणारी कंपनी कधीच बुडालेली.
उद्यमनगरात अन्वर मुल्लाणीच्या लेथवर
नवं कापून घेतलं, चोवीस दात, दोन कप चहा.
घाईत एक दात उडाला.
"चालतंय का बघ," अन्वर म्हणाला,
"नाहीतर सोमवारी दुसरं देतो."

बसवलं.
चप्पल हातात घेतलेल्या एका पोरानं विचारलं,
"मी मोठेपणी कोण हुईन?"
रोबोनं मान वळवायला घेतली
आणि त्या रिकाम्या खाचेत

थांबला.
बोट अर्धं वर.
चार सेकंद, मी मोजले नंतर.
ज्यांनी चष्म्याला जांभई दिली होती
ती चवड्यांवर उभी.
बाहेर उसाची ट्रॉली गाणं लावून गेली.
बत्तीस डोकी एका बिघाडाकडं बघत होती,
त्यातनं काहीही बाहेर पडू शकतं अशी.

मग मान खटकन सरकली. ठरलेलंच बोलला :
"खूप अभ्यास करा."
सगळा वर्ग सुस्कारा टाकून पुढं गेला,
ते पोरगं तेवढं तिथंच.

सोमवारी अन्वरनं पुऱ्या चोवीस दातांचं दिलं,
पैसे घेतले नाहीत.
रोबो फटाफट उत्तरं द्यायला लागला.
कुणी थांबेना.

बुधवारी परत उद्यमनगर.
अन्वरनं चक्र उजेडात फिरवून बघितलं, मग मला.
"पस्तीस वर्षं झाली ह्या लेथवर.
बिघाड मागणारं तू पयलंच गिऱ्हाईक."
तरी व्हाइसमधे आवळलं,
कानस उचलली,
आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
"कितवा?"